मालकांच्या नातीसाठी करवत

एकोणीस वर्षांनी मालकांचा फोन आला, आणि तो नेमका मी उचलला. "मिस्त्री आहेत का?" एवढंच. कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, काही नाही. आवाज म्हातारा झाला होता, पण मिजास तीच. मी म्हटलं, "आहेत. हात धुतायत." हात म्हणताना मी मुद्दाम जरा थांबले. त्यांना समजलं नसावं, किंवा समजून न समजल्यासारखं केलं. त्यात ते पहिल्यापासून पटाईत.

आमचे हे आले, फोन कानाला लावला आणि ताठ उभे राहिले. अंगात बनियन, पाय ओले, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात शाळेतल्यासारखा उभा. "हो मालक. बरं मालक. येतो मालक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कारखाना यांनी सोडून एकोणीस वर्षं झाली, बंद पडूनही सात झाली, तरी यांच्या तोंडातला मालक काही जात नाही.

काम काय होतं, तर मालकांच्या नातीला सुतारकामाचा नाद लागला होता. शिक्षण संपलं, नोकरी अजून लागायची आहे, तेवढ्यात पोरीनं एका क्लासला जाऊन चपलांचं कपाट केलं, मग एक स्टूल केलं. आता आजोबा तिला विजेवर चालणारी करवत भेट देणार होते. आणि ती निवडून द्यायला त्यांना अख्ख्या जगात एकच माणूस आठवला. ज्याची दोन बोटं त्यांच्याच करवतीनं नेली, तो.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नवीन आहे गं पोरगी. दुकानदार काहीही गळ्यात मारतील तिच्या."

आमचे हे असे. रांगेत यांच्या पायावर कुणी पाय दिला तर हेच म्हणणार, माफ करा. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नाहीत. शर्टाची बटणं उजव्या हातानं एकट्यानं लावतात, पण मला कधी लावू देत नाहीत. खिळा धरता येत नाही म्हणून खिशात एक जुना कंगवा असतो. कंगव्याच्या दातांत खिळा अडकवायचा आणि वरून हातोडी. अडकलेली दारं, न उघडणारे खण, डुगडुगणारी टेबलं, असली कामं लोक घरी बोलावून देतात. रंधा आणि पटाशी यांच्या हातात दिली की बघत राहावं असं काम. पण विजेच्या करवतीला त्यानंतर यांनी हात लावलेला नाही. रस्त्यात कुठे फरशी कापायची मशीन सुरू असली की हे रस्ता ओलांडतात आणि मला सांगतात, त्या बाजूला सावली आहे.

तो सोफ्यांचा कारखाना होता. पुढच्या हॉलमध्ये सुतार, मागच्या खोलीत आम्ही कव्हरं शिवणाऱ्या बायका, सगळे मिळून बारा-तेरा जण. हॉलच्या मधोमध टेबल सॉ, म्हणजे लोखंडी टेबल आणि त्याच्या फटीतून वर आलेली दातेरी चकती. चकतीवर एक पिवळं गार्ड असायचं. हात आणि चकती यांच्यामध्ये तेवढंच काय ते. त्याच्या मागे एक उभी पट्टी. लाकूड चकतीला आवळून मागे फेकलं जाऊ नये म्हणून. आता लाकडाला नुसती खाच पाडायची असली तर गार्ड काढावं लागतं, आणि काम झालं की परत लावायचं. मालकांना तेवढ्या वेळाचा हिशेब सोसेना. एक दिवस त्यांनी ते पट्टीसकट काढलं आणि ऑफिसातल्या कपाटात फायलींच्या खाली ठेवून कुलूप लावलं. किल्ली पॅन्टच्या खिशात. "ज्याचं लक्ष कामावर आहे त्याला गार्ड कशाला लागतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला पाठ आहे, कारण माझ्या दोऱ्याच्या रिळांचा डबा त्याच कपाटात असायचा. रीळ संपलं की मालकांकडे किल्ली मागायची, डबा काढायचा, आणि ते पिवळं गार्ड बघायचं. दोन वर्षं बघितलं.

त्या दिवशी फळी ओली होती. ओली फळी चकतीला आवळते. मला मागच्या खोलीत मशीनचा आवाज बदललेला ऐकू आला, आणि मग कुणीतरी ती बंद केली. पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांचा डबा आणि चपला न्यायला कारखान्यात गेले, तर गार्ड मशीनवर लावलेलं. पिवळंधमक. जिथे आमच्या चहातसुद्धा भुसा पडायचा, तिथे त्या गार्डवर भुशाचा एक कण नव्हता. तिसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब आले. मी सगळं सांगितलं: कपाट, किल्ली, फायली, रिळांचा डबा. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग फाइलमधून एक कागद काढला. गार्ड लावलेलं होतं, माझं लक्ष विचलित झालं, असं लिहिलेलं. खाली आमच्या ह्यांची सही. मालक आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात फळं घेऊन गेले होते, आणि फळांच्या पिशवीत तो कागद होता.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचे यजमानच असं म्हणतायत." बाराच्या बारा माणसं उभी होती. सगळ्यांनी ते गार्ड कपाटात बघितलेलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी, जिला मी रोज दोरा ओवून द्यायचे, तीच पुढे सगळ्यांना सांगत सुटली की बाईनं नवऱ्याच्या दुःखात खोटं रचलं. खोटारडी म्हणून निघाले मी त्या दारातून.

यांना विचारलं तर म्हणाले, "कारखाना बंद पडला असता. बारा घरं होती त्याच्यावर."

"आणि आपलं?" मी म्हटलं. "ते तेरावं होतं ना?"

आणि त्या सहीनं केलं काय, तर बोटांबरोबर यांचं नावही नेलं. दुसऱ्या कारखान्यांत गेले, तर सगळीकडे तेच. मशीनवर लक्ष नसणारा मिस्त्री. हात सुतारांचे जातात, लोक त्यांनाही काम देतात. पण ज्याचं लक्षच नसतं त्याला कोण उभं करेल?

मला दुसरं काही नको होतं. मला मालकांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: गार्ड मी काढलं होतं. चारचौघांत, मोठ्यानं. एकोणीस वर्षं मी शिवता शिवता ते वाक्य त्यांच्या तोंडात घालून बघितलंय. आणि खरं सांगायचं तर एवढ्यावरच थांबले नाही. त्यांच्याही घरात कुणाचं तरी असंच व्हावं, म्हणजे कळेल, हे मी म्हटलेलं आहे. मनात नाही, मोठ्यानं, भांडी घासताना. नातीचं ऐकलं तेव्हा पहिला विचार हाच आला, की बरं झालं. लाज वाटली का? वाटली. पण विचार काही गेला नाही.

"मीही येणार," मी म्हटलं.

"तू कशाला?"

"पिशवी धरायला."

दुकान मोठं होतं. भिंतीवर ड्रिल मशीन ओळीनं टांगलेल्या, काचेच्या कपाटात चकत्या, आणि मागच्या बाजूला मोठी यंत्रं मांडलेली. मालक आधीच येऊन खुर्चीवर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. अंग आटलं होतं, कॉलर मानेपासून सुटली होती. मला बघून म्हणाले, "वहिनी पण आल्या का?" मी म्हटलं, "आले ना. मला कुठे काम आहे?"

नात मात्र गोड होती. तेच तर अवघड झालं. बारीक, चष्मा, तळहातावर फोड आणि त्याचं तिला कौतुक. आल्या आल्या यांचा उजवा हात धरून म्हणाली, "तुम्हीच ते मिस्त्री काका! मी लहानपणापासून तुमची गोष्ट ऐकतेय."

"कुठली गोष्ट?" मी विचारलं.

"हीच, अपघाताची. मी सायकल शिकत होते, पोहायला शिकत होते, काहीही असलं की आजोबा सांगायचे. मिस्त्री मशीनवर गाणं गुणगुणत होते, लक्ष गेलं आणि बोटं गेली. म्हणून लक्ष महत्त्वाचं."

गाणं गुणगुणत होते म्हणे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, या माणसानं आंघोळ करतानाही कधी सूर काढलेला नाही. मी मालकांकडे बघितलं. ते ड्रिल मशीन बघत होते. म्हणजे नुसती सही घेऊन मालकांचं भागलं नव्हतं; घरी नेऊन त्यावर गाणंही चढवलं होतं, आणि पोरीला जेवताना भरवलं होतं. मी पिशवीचे बंद मुठीत धरले. आमचे हे कसनुसं हसले आणि म्हणाले, "चल बाळ, करवती बघू."

मग यांनी तिला तासभर शिकवलं. यांच्या तोंडून एवढे शब्द एका वेळी मी कधी ऐकले नव्हते. विक्रेत्याला प्रत्येक खोकं उघडायला लावलं. पहिली करवत ताकदीची नको, ताब्यातली हवी, म्हणाले. जिगसॉ दाखवली, जिचं बारीक पातं शिवणयंत्राच्या सुईसारखं वरखाली होतं. चुकलीस तर लाकूड खराब होईल, तू नाही. मग हातात धरायची चकतीची करवत. ती तिला हात लांब करून धरायला लावली आणि मनात वीस आकडे मोजायला सांगितले. बाराव्या आकड्याला तिचं मनगट थरथरायला लागलं. "ही जड आहे तुला," म्हणाले, "थकलेला हात ऐकत नाही." दुसरी हलकी काढली. तिच्या खालचं गार्ड बोटानं मागे ओढून सोडलं. ते टक करून परत चकतीवर आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. दहा-बारा वेळा. "हे आपोआप बंद व्हायला हवं. कुरकुरत आलं तर ती करवत घ्यायची नाही. कुणी फुकट दिली तरी नाही."

मालक कंटाळले. त्यांनी काठीनं मागच्या टेबल सॉला टकटक केलं. "हे काय खेळणी बघताय, मिस्त्री? माझ्या नातीला मी मोठंच देणार. हीच घ्या."

"मालक, पहिलीच करवत ही नको."

विक्रेत्याला गिऱ्हाईक कोण ते बरोबर कळलं. तो लगेच पुढे झाला. "एकदम सोयीची आहे, आजोबा. गार्ड एका खटक्यात निघतं, हत्यार लागत नाही." आणि त्यानं ते काढूनच दाखवलं. चकती उघडी पडली.

"अरे वा," पोरगी म्हणाली. "मी तर ते काढूनच टाकणार. क्लासमध्येही मी काढते, सर ओरडतात. पण लक्ष असलं की काय होतंय? हो ना आजोबा?"

मालक म्हणाले, "हं."

तो हं मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यांनी काढलेलं वाक्य, त्यांच्याच नातीच्या तोंडात, आणि तिचे दोन्ही हात त्या लोखंडी टेबलावर. मला इतका आनंद झाला की मला माझीच भीती वाटली. पण मी बोलले नाही. म्हटलं शिजू दे.

आमचे हे पुढे झाले. "बाळ, गार्ड काढायचं नाही."

तिनं यांच्याकडे अगदी मायेनं बघितलं. "काका, रागावू नका, पण तुमचं लक्ष नव्हतं. माझं असतं."

हे काय बोलणार? स्वतःच सही करून ठेवलेली. मग मी म्हटलं, "मालक, तुम्हीच सांगा ना तिला. गार्ड लागतं की नाही?"

"लावलेलं बरं," मालक म्हणाले.

"पण आजोबा, मिस्त्री काकांच्या वेळी तर लावलेलं होतं ना? तरी गेलीच बोटं. मग त्याचा उपयोग काय?"

पोरगी हुशार. मालकांनी घसा साफ केला, रुमाल काढला, परत ठेवला. "वहिनी, कशाला जुनं उकरायचं आता?" माझ्याकडे बघून म्हणाले.

"मी कुठे उकरतेय?" मी म्हटलं. "तुमची नात विचारतेय. तिला टेबल सॉ घेऊन देताय ना? मग सांगा. नाहीतर नका सांगू. हात तिचे आहेत."

विक्रेता ते गार्ड हातात घेऊन उभाच. मालकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि शेवटी त्यांना त्यांचा जुना आधार सापडला. "मिस्त्री, तुम्ही सांगा हिला. तुम्ही काय ते खरं सांगाल."

मालकांना खात्री होती. मलाही होती. हे आता काहीतरी गुळमुळीत बोलतील, गार्ड ढिलं होतं, माझंच चुकलं, आणि मालक सुटतील, आणि मी पुन्हा एकदा खोटी ठरेन, या वेळी विक्रेत्यासमोर. मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते, मालकांकडेही नाही. ते त्या पोरीच्या बोटांकडे बघत होते.

मग यांनी डावा हात टेबल सॉवर ठेवला, उघड्या चकतीच्या शेजारी. हा हात हे लोकांत खिशात ठेवतात.

"गार्ड नव्हतं," म्हणाले. "कपाटात होतं. फायलींच्या खाली. कुलूप होतं आणि किल्ली मालकांच्या खिशात होती. दोन वर्षं. मी गाणं म्हणत नव्हतो. माझं लक्ष होतं, बाळ. पूर्ण होतं. फळी ओली होती, ती आवळली आणि मागे आली. लक्षानं फळी थांबत नाही."

पोरीनं टेबलावरचे हात मागे घेतले.

"मी मशीनवर चुकलो नाही. सही करून चुकलो." हे एवढं बोलून थांबले, आणि मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं. "हिनं त्या साहेबांना सगळं खरं सांगितलं होतं. कपाटासकट. मी तिला बारा माणसांत खोटी पाडली. आणि पुढे एकदाही कुणाला सांगितलं नाही, की ती खरं बोलत होती."

मला रडू आलं नाही. उलट राग आला, की याला एकोणीस वर्षं लागावीत. मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. मी इतकी वर्षं मालकांच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते, आणि माझं वाक्य माझ्याच घरात अडकलेलं होतं.

"आजोबा," नात म्हणाली, "किल्ली तुमच्याकडे होती?"

"तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. तुला नाही कळणार. ऑर्डरी असायच्या..."

"मी ते नाही विचारलं."

मालकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ओठ हलले. मी कान देऊन ऐकत होते. "होती," म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की विक्रेत्याला ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, "मालक, ऐकू नाही आलं." आलं होतं मला. तरी म्हटलं.

"होती," ते मोठ्यानं म्हणाले. "मीच काढलं होतं ते."

पोरीनं विक्रेत्याच्या हातातून गार्ड घेतलं आणि चकतीवर नीट बसवलं. खटका लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबलं. मग ती आजोबांकडे न बघता म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा. करवत मी काकांबरोबर बघते."

"अगं, पण घेऊन तर मीच देणार आहे ना तुला..."

"नको," ती म्हणाली. "तुमच्याकडून नको."

मालक उठायला लागले. दोन वेळा उठता आलं नाही, तिसऱ्या वेळी उठले. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, पण हे हलकी करवत हातात घेऊन तिचं गार्ड पुन्हा ओढून बघत होते आणि पोरगी खाली वाकून ते बघत होती. म्हणून मग मीच उठले. पुढे जाऊन दुकानाचं काचेचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं.

"पायरी आहे मालक, सांभाळून," मी म्हटलं.

बाहेरच्या बाकावर भर दुपारचं ऊन होतं. ते मला दिसत होतं. मी दार लावून घेतलं आणि आत गेले.